कप्तानाला एकच वारा ठाऊक

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. शिडाच्या होडीचं सुकाणू ज्या लाकडी दांड्यानं वळवतात, तोच मी. माणसांच्या हातांनी माझ्या नाकी नऊ आणले आहेत, तेव्हा बोलणं जरा तिखट झालं तर राग मानू नका.

सुतारानं मला तासलं तेव्हा माझा खुर्चीचा हात व्हायचा होता. सावलीत, एका जागी, आरामात राहिलो असतो. पण धक्क्यावर मुलांसाठी शिडाच्या होड्यांची शाळा चालवणाऱ्या ताईची नजर माझ्यावर पडली आणि माझी गाठ खाऱ्या पाण्याशी पडली. माझा स्वभाव उलटा आहे, हे मान्य. मला डावीकडे ढकललं की होडी उजवीकडे वळते. लहान मुलांना हे एका सकाळीत कळतं. ती चुकतात, हसतात आणि शिकतात. ताईला तर माझ्यावर दोन बोटं टेकली तरी पुरत. धक्क्याला लागलं की ती आधी मला गोड्या पाण्यानं धुवायची, मग स्वतःचे पाय. माझं कौतुक करायची, "याच्याइतकं माझं कुणी ऐकत नाही." ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

मग ताईचा गुडघा गेला. डॉक्टरांनी होडीत पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं. बंदराच्या कचेरीचा नियम असा, की शिडाचं प्रमाणपत्र असलेला शिक्षक नसेल तर शाळेला टाळं. टाळं लागलं की होड्या विकल्या जाणार आणि मी कुणाच्या तरी चुलीत जाणार. शाळा सांभाळायला घरचं एकच माणूस होतं, ताईचा धाकटा भाऊ.

त्याला सगळं बंदर कप्तान म्हणतं. वीस वर्षं तो इंजिनाची लाँच चालवतोय. भर तुफानात त्यानं बुडणारी माणसं ओढून काढली आहेत, हे मीही नाकारत नाही. पण म्हणून शिडाचं प्रमाणपत्र म्हणजे किरकोळ काम, असं त्यानं बंदरभर सांगून ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिल्याच दिवशी त्यानं मला असं आवळलं, की मी पळूनच जाणार होतो जणू. लाँचला चाक असतं आणि चाक जिकडे फिरवाल तिकडे लाँच वळते. त्यामुळे डावीकडे जायचं असलं की हा मला डावीकडे ओढायचा. होडी उजवीकडे निघाली की माझ्याकडेच डोळे वटारायचा. थांबायचं असलं की त्याचा उजवा हात हवेत रिव्हर्सचा गिअर चाचपायचा. अहो, आमच्याकडे गिअर नाही, इंजिन नाही, काही नाही. ताई धक्क्यावर खुर्ची टाकून ओरडायची, तो मान डोलवायचा आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या.

परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. त्यांनी जुनं लाईफ जॅकेट बांधलेलं पिंप पाण्यात टाकलं आणि म्हणाले, हा बुडणारा माणूस समजा, शिडावरच परत या आणि याच्याशेजारी थांबा. कप्तानाच्या अंगात वीरश्री संचारली. वारा पाठीशी घेऊन तो सरळ पिंपावर धावला, ऐन वेळी हवेतला गिअर ओढला आणि दणकन पिंपावर आदळला. परीक्षक शांतपणे म्हणाले, "तुम्हाला माणूस सापडला असता. वाचला मात्र नसता."

ज्यानं खरी माणसं वाचवली, त्याला हे ऐकावं लागलं. परतताना त्यानं माझ्याकडे डोळेही वटारले नाहीत. मला वाईट वाटलं. चिडलेलो होतोच, पण वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताईनं त्याला धक्क्याला बांधलेल्या होडीत बसवलं आणि विचारलं, वारा कुठून येतोय. त्यानं विचार न करता बोट समोर केलं. वारा होता मागून, डाव्या खांद्यावरून. ताईनं कपाळावर हात मारला. मग त्याच्या डोक्यावरची कानटोपी उपटली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसली.

"अरे, लाँच पळते म्हणून वारा तुझ्या तोंडावर येतो," ती म्हणाली. "वीस वर्षं तू आपलाच वारा खातोयस. आता खरा वारा कुठून येतो, ते कानांना विचार."

त्याचे उघडे कान लाल झाले. बऱ्याच वेळानं त्यानं हळूच मान वळवली, आणि माझ्यावरची त्याची मूठ पहिल्यांदा सैल पडली.

पुढच्या परीक्षेत त्यानं पिंपाकडे धाव घेतली नाही. लांबून वळसा घेतला, वाऱ्याकडे तोंड करत आला आणि शिडाचा दोर सोडून दिला. शीड फडफडलं, होडी मंदावली आणि पिंपाशेजारी उभी राहिली. त्याचा उजवा हात गुडघ्यावर स्वस्थ होता. परीक्षकांनी जागच्या जागी सही केली.

त्या संध्याकाळी डॉक्टरांचं न ऐकता ताई होडीत बसली, पण प्रवासी म्हणून. धक्का जवळ आला तेव्हा तिचा हात सवयीनं माझ्याकडे सरकला, मध्येच थांबला आणि मांडीवर गेला. तिनं डोळे मिटले. होडी आवाज न करता धक्क्याला लागली.

ताई काठीच्या आधारानं उतरली, चार पावलं गेली आणि गर्रकन वळली. कप्तानानं मला खारा तसाच टाकला असेल, असं समजून ओरडायला तिनं तोंड उघडलं होतं. पण कप्तान मला गोड्या पाण्यानं धूत होता. ताईनं तोंड मिटलं आणि इतके दिवस खुर्चीवरच असलेली कानटोपी उचलून ती निघून गेली.

मित्रांनो, आम्हाला घट्ट धरू नका आणि खारं ठेवू नका, एवढंच मागणं. कप्तान आता दोन्ही नीट करतो. तरी रोज धुतला जाताना माझं लक्ष धक्क्यावरच्या खुर्चीकडे जातं. ती रिकामी असली, की कुणीतरी ओरडावं असं वाटतं.