दोन हजारावरचा काटा

माझं टायरचं दुकान आहे आणि माझं डोकं लवकर तापतं. गिऱ्हाईक गाडीच्या दारावरचा कागद वाचून सांगतं, "दोनशेवीस हवा भरा." मी म्हणतो, "भरतो की! तुम्ही तेवढे लांब उभे राहा. अहो, ते किलोपास्कल. पौंडात बत्तीस! आकडा सांगताना माप सांगावं, एवढी अक्कल नको?" बार असेल तर साडेचौदाने गुणायचं, किलोपास्कल असेल तर सातने भागायचं. झोपेतून उठवलंत तरी सांगेन.

असं ज्ञान पाजळणारा मी, आणि माझी आई माझ्यामुळे गेली.

आई घरी ऑक्सिजनवर होती. दादा कामावर, मी दुकानात, दिवसभराचं सगळं वहिनींच्या अंगावर. त्या काटा बघून मला फोन करायच्या आणि सिलिंडर बदलायचा की नाही ते मी सांगायचो. आमचा मीटर पौंडाचा. भरलेला असला की दोन हजार, पाचशेवर आला की बदलायचा. त्या दिवशी नेहमीच्या दुकानात सिलिंडर नव्हते, म्हणून दादाने सकाळी दुसरीकडून त्यांच्याच मीटरसकट दोन आणले, त्यातला एक लावला आणि कामावर गेला.

दुपारी सव्वाला फोन आला. समोर जॅकवर गाडी, आणि तिचा मालक माझ्यावर खेकसत होता.

"भावजी, काटा दोन हजारावर आहे."

"मग भरलेलाच आहे की."

"मीटर वेगळा दिसतोय. खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय. वाचू का?"

"राहू द्या हो वहिनी, इथे गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय. संध्याकाळपर्यंत बघायला नको."

"मग जरा पडू का? तीन रात्री डोळ्याला डोळा नाही."

"पडा खुशाल."

त्या तासभर झोपल्या. उठल्या तेव्हा काटा शून्यावर होता आणि आई गार पडली होती. दुसरा भरलेला सिलिंडर दाराआड तसाच उभा होता.

"मी भावजींना दोन हजार सांगितलं," वहिनी म्हणाल्या. दादाने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणून मान हलवली.

"दोनशेचे दोन हजार वाचलेस तू," दादा म्हणाला. "आणि वर झोपलीस."

त्यानंतर तो त्यांच्याशी बोललाच नाही.

तिसऱ्या दिवशी सिलिंडर परत द्यायला उचलला, तेव्हा मी मीटर नीट पाहिला. बारीक अक्षरात किलोपास्कल लिहिलेलं. दोन हजार भागिले सात. पुरते तीनशे पौंडसुद्धा नाहीत! घरी येऊन सांगायचं ठरवलं आणि घरी येऊन जेवलो. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच. रोज आज सांगू, उद्या सांगू करत मी तीन आठवडे काढले.

मग एका सकाळी वहिनी दुधाची पिशवी घेऊन आल्या. दादा तिथेच बूट घालत होता.

"भावजी, यावरची तारीख वाचून सांगता? माझ्या डोळ्यांचा मलाच भरवसा नाही राहिला."

पिशवी हातात घेतली आणि माझ्याच्याने राहवेना.

"वहिनी, तुमचे डोळे चांगले आहेत. काटा दोन हजारावरच होता. मीटर किलोपास्कलचा होता, मी पौंड धरून चाललो. तुम्ही वाचू का म्हणालात, मी वाचू दिलं नाही. दादा, चूक माझी आहे. झोपा म्हणून मीच सांगितलं."

दादा एका पायात बूट घालून तसाच बसून राहिला.

"दोन हजारच होते?" वहिनींनी विचारलं.

"दोन हजारच."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी."

वहिनींनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी माझ्या हातातून पिशवी काढून घेतली आणि तारीख स्वतःच वाचली, मोठ्याने, दादाला ऐकू जाईल अशी. बरोबर वाचली.