रेघेखालचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे, आणि तोही खरखरीत. जन्म टेकडीच्या पोटात झाला, पण आयुष्य गेलं पुरीजवळच्या चित्रकारांच्या गावात. इथे जुन्या साडीचे दोन थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवतात आणि त्यावर खडूचा लेप देतात. लेप वाळला की आधी मी त्यावर फिरतो, मग माझा गुळगुळीत भाऊ. मी कण काढतो, तो चकाकी आणतो. अशा घोटलेल्या कापडाला पट्टी म्हणतात, आणि त्यावरच्या चित्राला पट.

चकाकी सगळ्यांना दिसते. निघून गेलेले कण कोणाला दिसणार? त्यामुळे कौतुक नेहमी भावाचं झालं. तरी आम्हा दोघांना फिरवणारी, घरची मालकीण हरमणी मला धुऊनपुसून ठेवायची. चाळीस वर्षं तिच्या तळहाताशी माझी ओळख होती. मग तिची मनगटं दुखू लागली. "एका दगडानंही चमकतंय की," असं ती स्वतःशीच म्हणाली, आणि मी पाणभाताच्या हंडीवरचं झाकण दाबत बसलो. दोन वर्षं बसलो.

त्या घरात रंग बायका भरत आणि शेवटची काळी रेघ पुरुष ओढत. रंगावर पुन्हा रंग देता येतो, काजळीची रेघ मात्र एकदाच. हरमणीची सून सुकांती हिला ती रेघ ओढायची होती. फार दिवस मागे लागल्यावर सासऱ्यांनी, बनांबर महाराणांनी, एक पट्टी तिच्यापुढे सरकवली.

"हत्तीची सोंड ओढ, बोहू. एका दमात. जमली तर पुढच्या पटाच्या रेघा तुझ्या. नाही जमली तर हा विषय पुन्हा नको."

रेघ कपाळापासून छान निघाली आणि मध्येच तीन ठिकाणी अडखळली.

"ही सोंड की गोगलगायीची वाट?" हरमणी म्हणाली.

"हात कापतोय," बनांबर म्हणाले आणि उठले.

दुपारी सुकांतीनं डोळे मिटून पट्टीवरून बोट फिरवलं, मग सरळ हंडीकडे आली आणि मला उचललं.

"अगं, मांजर तोंड घालेल भातात," सासू ओरडली.

सुकांतीनं लेप वाळलेल्या एका कापडाचे दोन तुकडे केले. एकावर फक्त भाऊ फिरला. दुसऱ्यावर आधी मी, मग भाऊ. मग तोच कुंचला, तीच काजळी, दोन्हींवर दहा दहा रेघा. पहिल्यावर सात तुटल्या. दुसऱ्यावर एकही नाही.

"बापा, हात तोच आहे," ती पदराआडून म्हणाली.

बनांबरांनी बोटांची मागची बाजू दोन्ही तुकड्यांवरून फिरवली. बराच वेळ फिरवली.

"लाल-पिवळ्याखाली हे कण झाकून गेले. रेघेनं चुगली केली," ते म्हणाले. "माझीही रेघ तुटायची, आणि मी समजत होतो, माझाच हात म्हातारा झाला. यंदा कुंचला ठेवून द्यायचं मनात होतं."

हरमणी खाली बघत होती. "मनगटं दुखतात माझी."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

मित्रांनो, चित्र पाहाल तेव्हा घाई करू नका. आधी रंग डोळाभर पाहा. मग एखादी रेघ धरून तिच्या मागोमाग जा. ती कुठे जाड होते, कुठे केसासारखी बारीक होते, ते बघा. शेवटी चित्र उजेडात जरा तिरपं धरा, म्हणजे रंगाखालचं कापडही दिसेल. त्या कापडावरही कोणीतरी राबलेलं असतं. त्यांची विचारपूस करायला विसरू नका.

पुढच्या पटावर सुकांतीनं अख्ख्या हत्तीची रेघ न थांबता ओढली. आता रोज सकाळी मला घेऊन घोटायला बसतात ते बनांबर. हरमणी भिंतीला टेकून बघते आणि म्हणते, "हळू. पट्टी आहे ती, खरकटं पातेलं नव्हे."