काय हवं, नीलम्मा?

मित्रांनो, या घराच्या दाराआड उभी आहे ती बोरीची जुनी काठी म्हणजे मी. जेऊरच्या लोहाराने माझ्या टोकाला लोखंडी आकडी ठोकली, ती मायाप्पांसाठी. त्यांना साप, सरडे, पाली शोधायचा नाद होता. पकडायचे नाहीत, मारायचे नाहीत, नुसते बघायचे.

लग्नानंतर ते नीलम्माबरोबर तिच्या माहेरी, दुधनीला गेले. तिथल्या माळावर ते दगड उलथत होते, तेवढ्यात ती ओरडली, "हावु! हावु!"

"हवं? काय हवं?" त्यांनी विचारलं.

"अवो, हावु! साप! पायापाशी!"

कानडीत सापाला हावु म्हणतात, हे जेऊरच्या माणसाला काय ठाऊक? विषारी फुरसं वीतभर अंतरावर होतं. त्यांनी माझ्या आकडीने ते बाजूला सारलं. मग दोघं पोट धरून हसली.

पुढे दर उन्हाळ्यात आम्ही तिघं त्या माळावर जायचो. मी दगड उचलायची, मायाप्पा वाकून बघायचे आणि नीलम्मा दगड होता तसा परत बसवायची.

"त्येंचं घर हाय की. दार उघडं टाकून जाता व्हय?" म्हणायची.

साप दिसला की ती "हावु" म्हणे आणि ते मुद्दाम "काय हवं?" विचारत. तीस वर्षं हेच.

गेल्या वर्षी ती वारली. माझी आकडी गंजली. मुलगी वैष्णवी म्हणाली, "अप्पा, आता सांगायला आई न्हाय. माळावर गेलात तर काठी बंबात घालीन."

तरी या चैत्रात ते गेले. एकटे. मी दगड उचलला. खाली फुरसं होतं, अंग घासून खरखर वाजवत. मायाप्पांचा पाय अगदी जवळ होता. ते हलले नाहीत.

"काय हवं?" ते हळूच म्हणाले.

बऱ्याच वेळाने फुरसं झुडपात गेलं.

ते तसेच चालू लागले. वीसेक पावलांवर थांबले, माघारी आले आणि गुडघे टेकून दगड मातीतल्या खुणेवर ठेवू लागले. तो नीट बसेना. तिसऱ्या खेपेला बसला.

घरी वैष्णवी दारातच उभी होती. "कुटं गेलता?"

"दार लावायला," ते म्हणाले.

तिने मला त्यांच्या हातातून घेतलं. बंबात नाही घातलं, दाराआड ठेवलं.

मित्रांनो, दगड उचललात तर तो परत ठेवा. खाली कुणीतरी राहत असतं. आणि जवळचं माणूस हाक मारत आहे, तोवर ओ द्या.