चार कोपऱ्यांचं गवत

मित्रांनो, फुटबॉलच्या गोष्टी तुम्ही खेळाडूंच्या तोंडून ऐकता. ते ज्या गवतावर पळतात ते कोण कापतं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. ते काम माझं होतं. मी गवत कापणारी एक जुनी मशीन आहे. सध्या हॅल्बी टाउन क्लबच्या मैदानामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, रंगाच्या रिकाम्या डब्यांशेजारी उभी असते.

कारखान्यात मला हिरवा रंग लावला, सहा धारदार पाती बसवली आणि लाकडी खोक्यात घालून इंग्लंडच्या उत्तरेकडच्या या छोट्या गावी धाडलं. खोकं उघडलं ते क्लिफर्ड ऑग्डनने. मैदानाची निगा तोच राखायचा. "देखणी आहेस गं," तो म्हणाला, आणि लगेच तेलकट बोटांनी माझी नवीकोरी मूठ काळी करून ठेवली. मला राग आला नाही. माझ्याशी बोलणारा तो पहिलाच माणूस होता.

त्या वेळी संघाचे प्रशिक्षक हॉइल साहेब होते. त्यांचा खेळ सरळसोट. मधल्या भानगडीत पडायचं नाही, मागून सणसणीत लाथ घालायची आणि चेंडू थेट पुढच्या कोपऱ्याकडे धाडायचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी क्लिफर्डला बजावलं, "क्लिफ, मैदान काप, पण चारही कोपरे सोड. तिथं गवत वाढू दे. चेंडू रेषेबाहेर पळाला नाही पाहिजे. अडकला की आपला गडी गाठतो."

त्यामुळे एकोणीस वर्षं मी कोपऱ्यांच्या अलीकडून वळत राहिले. वाईट वाटायचं, पण शनिवारी लोक खूश असायचे. चेंडू उंच गेला की सगळं मैदान ओरडायचं, "घाल वर! अजून वर!" कोपऱ्यात चेंडू अडकला की क्लिफर्ड टोपी उडवायचा आणि शेजाऱ्याला सांगायचा, "बघितलंस? आपलं गवत!"

हॉइल साहेब वारले. त्यांना पोचवून आल्यावर क्लिफर्ड संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ पालथ्या बादलीवर बसून होता. नंतर दोन-तीन प्रशिक्षक आले नि गेले, पण कोपरे तसेच राहिले. शेवटी रसेल आला. वयाने लहान, बोलायला गोड आणि भलताच हट्टी. चेंडू जमिनीवर ठेवायचा, एकमेकांना देत देत पुढे न्यायचा, घाई करायची नाही, असा त्याचा खेळ.

"क्लिफर्ड, सगळं गवत एकसारखं हवं. कोपरेसुद्धा."

"कोपरे हॉइल साहेबांचे आहेत, बॉस."

"आता माझे आहेत. कापा."

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा कोपऱ्यात गेले. माझा आनंद गगनात मावेना. मागून चालणारा क्लिफर्ड मात्र एक अक्षर बोलला नाही. आमच्यात अबोला होण्याची ती पहिली वेळ.

लोकांनाही तो खेळ रुचेना. खेळाडू चेंडू मागे देऊ लागले की आरोळ्या उठायच्या, "अरे, गोल तिकडं आहे!" "स्वेटर विणताय का रे?" क्लिफर्ड हसून मान डोलवायचा. पोरांना जमायला लागलं होतं, पण सावकाश. हंगाम संपत आला तेव्हा अशी वेळ आली की शेवटचा सामना हरलो तर क्लब खालच्या गटात घसरणार. बरोबरीही पुरेशी होती.

सामन्याच्या दिवशी भल्या सकाळी क्लिफर्डने मला बाहेर काढलं. पंधरा दिवस त्याने कोपऱ्यांपाशी माझी पाती उचलून धरली होती, तशीच त्या दिवशीही धरली. "पोरं घाबरली की उंचच मारतील गं म्हातारे," तो पुटपुटला. "तेव्हा हेच गवत वाचवेल." लांबून पाहणाऱ्याला ते कळलंही नसतं.

पण पोरं घाबरली नाहीत. एक-एक अशी बरोबरी होती आणि चार मिनिटं उरली होती. बचावाला असलेल्या ग्लेनने आपल्याच कोपऱ्यातून, शिकवल्याप्रमाणे, चेंडू हलकेच गोलरक्षकाकडे सरकवला. चेंडू गवतात अडखळला. समोरचा गडी धावत आला, आणि गोल झाला. सामना गेला, क्लब खालच्या गटात घसरला.

लोकांनी ग्लेनला काय काय म्हटलं, ते मी सांगणार नाही.

मैदान रिकामं झाल्यावर रसेल त्या कोपऱ्यात गेला. वाकून त्याने गवतात हात घातला. मग तो शेडपाशी आला. "हे असं कसं राहिलं, क्लिफर्ड?"

क्लिफर्डने माझ्याकडे पाहिलं. "मशीन जुनी झालीय, बॉस. वळताना पाती गवत धरत नाहीत."

तीस वर्षं मी त्याच्या पुढे चालले होते. मला वाटलं, आत्ता हसेल आणि म्हणेल, गंमत केली. तो हसला नाही. पुढच्या महिन्यात नवी मशीन आली, आणि माझ्यावर ताडपत्री पडली. ग्लेन गाव सोडून गेला. क्लिफर्ड शेडमध्ये यायचा, खराटा घ्यायचा, पण ताडपत्रीकडे बघायचा नाही.

वर्षभराने रसेललाही क्लबने काढलं. जायच्या दिवशी निरोप घ्यायला तो शेडमध्ये आला. काय वाटलं कोण जाणे, त्याने ताडपत्री ओढली, खिशातून कागदाची पट्टी काढली, पात्यांखाली धरली आणि हाताने पाती फिरवली. धार अशीच तपासतात. कच्चकन कागदाचे दोन तुकडे झाले. दुसऱ्या टोकालाही तसंच.

दारात क्लिफर्ड उभा होता.

"धार चांगलीच आहे," रसेल म्हणाला.

"तेव्हाही होती," क्लिफर्ड म्हणाला. "कोपरे मीच सोडले, बॉस. वाटलं, शेवटी तुम्ही उंचच माराल."

रसेलने कागदाचे तुकडे खिशात घातले. "शेवटी माझ्याही तोंडात आलं होतं, वर मारा म्हणून," तो म्हणाला. "ग्लेनला सांगितलंत?"

"नाही."

"मग सांगा."

रसेल गेल्यावर क्लिफर्ड बादलीवर बसला. त्याने फोन लावला. "ग्लेन? मी क्लिफर्ड, हॅल्बीचा. पोरा, तो गोल तुझ्यामुळं नाही झाला. गवत मी ठेवलं होतं. तुझा पास बरोबर होता." पलीकडून काय उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. क्लिफर्ड रडला. फोन ठेवून त्याने डोळे पुसले, टोपी घातली.

मी वाट पाहत होते. वाटलं, आता माझ्याकडे वळेल. त्याने ताडपत्री माझ्यावर नीट ओढली, कोपरे खाली खोचले आणि दिवा घालवून निघून गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना तेल द्या, पाती पुसून ठेवा, एवढं तर मी मागेनच. पण आणखी एक मागते. तुमची चूक तुम्ही कधी कुणा मुक्यावर ढकललीत आणि पुढे ती कबूल केलीत, तर त्यालाही तेवढं येऊन सांगा. आम्ही बोलत नाही, पण आम्हाला ऐकू येतं.