रॅमवरचं कुंकू

कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी मुरुमहून नळदुर्गला कलीमची ही महिन्यातली तिसरी खेप. आता त्याला त्या कॉम्प्युटरचा, त्या रस्त्याचा आणि खरं सांगायचं तर स्वतःचाही कंटाळा आला होता. हायवेलगतच्या वजनकाट्यावरचा तो चौदा वर्षांचा डबा चालता चालता निळा पडायचा, इंग्रजीत चार ओळी खरडायचा आणि मान टाकायचा. मग बाहेर ट्रक खोळंबायचे आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसायचे.

काट्यावर बसणारे बिभीषणकाका साठीला आलेले. मालक गौरीशंकर सकाळीच त्यांना सुनावून गेला होता, आता एकदा जरी बंद पडला तरी नवा कॉम्प्युटर आणीन, आणि त्याच्यासोबत नवा माणूसही. काकांचा हात या एकाच मशीनवर बसलेला.

कलीमनं झाकण उघडलं. मागच्या दोन्ही खेपांना होतं तेच आत होतं. रॅमच्या पट्टीवर कुंकवाचा लगदा, पंख्यात अक्षता. दसऱ्याला मालकानं नव्या मशीनची भाषा काढली, तेव्हापासून काका जुन्याला जपायला लागले होते. रोज सकाळी डब्याच्या वरच्या जाळीवर कुंकू-अक्षता वाहायचे. कलीमनं दोन्ही वेळा गुपचूप खोडरबरानं पट्टी घासली आणि "हायवेची धूळ हाय, काका" म्हणून सांगितलं. आपण मुसलमान, कुणाच्या पूजेत खोट कशी काढायची? दिवस कसले आहेत! मशीन सुधारत नाही म्हटल्यावर काकांनी पूजा आणखी वाढवली. या वेळी तर आत तीर्थाचा ओलावाही दिसत होता.

म्हणजे मशीन मारलं कुणी, काकांच्या भक्तीनं की आपल्या भिडेनं? उत्तर ठाऊक होतं, म्हणून तर त्याचा जीव विटला होता.

"परत धूळच का रं?" काकांनी चहाचा कप पुढं केला.

कलीमनं कप खाली ठेवला. "न्हाय काका. तुमचं कुंकू हाय." त्यानं पट्टी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "पयल्या दिवसापासनं हेच हाय."

काकांनी त्या पट्टीवरचं कुंकू बोटानं पुसून बघितलं.

"मग आधी का न्हाय बोललास?"

"तुमच्या देवाचं काम. म्या कसं बोलू?"

"माझी भाकर जायची येळ आली, तरी?" काकांनी विचारलं. "नऊ वरसं माझ्या हातचा चा पितोस. अन् आज कळालं, तू मला भितोस."

कलीमनं पट्टी त्यांच्या हातातून घेऊन घासली, जागेवर बसवली, पंखा पुसला, झाकण लावलं. पडदा उजळला, वजनाचे आकडे आले. काकांनी खिडकीतून पहिल्या ट्रकला हात केला.

मग कुंकवाची डबी त्यांनी कलीमपुढं धरली. "उद्यापासनं कुठं लावू, तेवढं सांग. खरं सांग."

कलीमनं टेबलाच्या कडेवर बोट ठेवलं. त्यानं बोट उचललं, तसं काकांनी तिथं कुंकू लावलं. आणि त्याच्याकडं न बघताच गार झालेला चहा परत स्टोव्हवर चढवला.