टाकीचा दुसरा नळ कोणी उघडला?

फौजेच्या प्रशिक्षण केंद्रात तिला सगळे 'चौकशी' म्हणत. दोरावर चढण्यात ती पहिली, दहा किलोमीटर पळण्यात पहिली आणि गणितात शेवटून पहिली. म्हणून रोज दुपारी, नव्या भरतीतल्या कच्च्या मंडळींच्या शिकवणीला तिची रवानगी होई. आज तिसरी आणि शेवटची परीक्षा होती. नापास झाली की उद्या सामान बांधून थेट घर. तिकडे आईने तर दवाखान्यात शेजारी बसलेल्या अनोळखी पेशंटांनासुद्धा 'आमची पोरगी फौजेत' म्हणून सांगून ठेवलेलं.

"आज फक्त उत्तरं लिही," पेपर देताना मास्तर म्हणाले. "प्रश्न विचारू नकोस, माझे आई."

"का?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला.

पहिली चार गणितं कशीबशी सुटली. पाचव्यात टाकी होती. वरचा नळ ती भरतोय, खालचा रिकामी करतोय, तर टाकी किती वेळात भरेल? चौकशीचं डोकंच फिरलं. भरायचीच आहे तर खालचा नळ उघडा ठेवला कोणी? तिने पानभर लिहून काढलं: 'हा सरळसरळ घातपात आहे. माझा संशय गणित घालणाऱ्यावर आहे, कारण दोन्ही नळांचा वेग त्याला आधीपासून माहीत आहे.'

आता केंद्राचा नियम असा, की ज्या कागदावर कुणावर संशय घेतलाय तो लाल शिक्का मारून लगेच वरच्या मजल्यावर, गुप्तवार्ता विभागात पाठवायचा. मास्तर नियमाचे पक्के. गणित त्यांनीच घातलेलं, म्हणजे संशयितही तेच. तरी त्यांनी निमूटपणे शिक्का मारला.

दहा मिनिटांत विभागाचे साहेब धापा टाकत खाली आले.

"हे कोणी लिहिलंय?"

चौकशी उभी राहिली. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

"तीन वर्षांत या इमारतीत कुणी कशावर संशय घेतला नव्हता," साहेब गदगदून म्हणाले. "मला ही मुलगी हवी."

"ती नापास आहे, साहेब," मास्तर म्हणाले. "एका गुणाने. पास झाल्याशिवाय कुठेच पाठवता येत नाही."

"तोंडी प्रश्न चालतो का?"

"चालतो. एकच."

साहेब तिच्याकडे वळले. "माझ्या विभागात सात खुर्च्या आहेत. एकीवर मी बसतो. रिकाम्या किती?"

चौकशीने तोंड उघडलं. मास्तरांनी डोळे घट्ट मिटले. रिकाम्या का, हे अगदी तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मग दवाखान्यातले ते सगळे पेशंट डोळ्यांसमोर उभे राहिले आणि तिने मोठ्या कष्टाने तो प्रश्न गिळला.

"सहा."

मास्तरांनी एका दमात गुण लिहिला, सही केली आणि मटकन खुर्चीत बसले.

"आता विचारू?" चौकशी म्हणाली.

"विचार."

"खुर्च्या रिकाम्या का?"

"जाहिरात काढली होती. पण विभागच गुप्त, म्हणून जाहिरातही गुप्त ठेवली. माझ्याच कपाटात आहे."

"मग ती वाचणार कोण होतं?"

साहेबांनी खिशातून कोरी वही काढून तिच्या हातात ठेवली.

"हे तुझं पहिलं काम," ते म्हणाले. "शोधून काढ."