थोरलीचा चष्मा

"थोरल्या बाई, पापणी हलली!" दिग्दर्शक ओरडला. "मेल्यावर तरी स्वस्थ पडा की!"

सेटवर हशा पिकला. पलंगावरची थोरलीही हसली आणि पुन्हा मेली. नऊ वर्षं ती मालिकेत थोरल्या जावेचं काम करत होती. तिचं खरं नाव आता फक्त करारावर उरलं होतं.

शॉट झाला, तेव्हाच ती घरी जाऊ शकली असती. पण धाकट्या जावेचं काम करणाऱ्या पोरीला रिकाम्या पलंगाकडे बघून काही केल्या रडू येईना. मग थोरली परत येऊन पडली. कॅमेऱ्यात दिसणार नव्हती, तरी चादर ओढून, डोळे मिटून. दुसऱ्याच्या क्लोजअपला आपण समोर हजर राहायचं, ही तिची जुनी शिस्त. पोरगी एका टेकमध्ये ढसाढसा रडली.

सकाळी तिनं लेखकाला गाठून पाहिलं होतं.

"मला परगावी पाठवा. कोमात ठेवा हवं तर, नुसती पडून राहीन. पण मारू नका हो."

"वाहिनीला मरणच हवंय, बाई. आणि तुम्हाला काय, दुसरं काम मिळेल."

"कामाचं नाही. माझ्या आईचं आहे."

लेखकानं हात जोडले. तो बिचारा सांगकाम्या, त्याच्या हातात तरी काय होतं?

आईची स्मरणशक्ती चार वर्षांपूर्वी गेली होती. समोर बसून घास भरवणारी ही आखूड केसांची बाई कोण, हे तिला कळत नसे. पण संध्याकाळी सातला पडद्यावर तो खोटा अंबाडा, तो जाड काड्यांचा चष्मा दिसला, की म्हातारी खुलायची. "आली बघ माझी लेक! किती वाळली गं!" त्या अर्ध्या तासात पडद्याशी गप्पा मारता मारता ती पोटभर जेवायची. भरवणाऱ्या हाताकडे तिचं लक्षही नसायचं. थोरलीला आधी भयंकर राग यायचा. मग तिनं मनाची समजूत घातली. कुठेतरी का होईना, ओळखते ना!

निघताना कपडेपटवालीनं तो चष्मा तिच्या हातात ठेवला. "न्या आठवण म्हणून. आता इथं कोण घालणार?"

पंधरा दिवसांनी तो भाग लागायचा होता. त्या संध्याकाळी थोरलीनं टीव्हीची वायरच काढून ठेवली.

"बिघडलाय, आई."

"मग ती येणार कशी?" म्हातारीनं ओठ घट्ट मिटून घेतले. दुसऱ्या दिवशीही तेच. दोन दिवस पोटात पाण्याशिवाय काही नाही. आता हिला उपाशी मारू की काय, म्हणून तिसऱ्या संध्याकाळी थोरलीनं वायर जोडली. मरण तर दाखवून झालं असेल, जुन्या आठवणी दाखवत असतील, तेवढ्यात चार घास जातील, असा तिचा हिशेब.

पडदा उजळला तो नेमका भिंतीवरच्या तिच्या हार घातलेल्या फोटोवर. मग धाकट्या जावेचा तोच क्लोजअप पुन्हा दाखवला, ती ढसाढसा रडत होती. मेलेलं माणूस समोर आहे असं समजून रडावं, तशी.

आईला बाकी काही कळत नव्हतं, पण हे कळलं. "गेली?" एवढंच ती म्हणाली. मग तोंडावर हात दाबून हमसू लागली.

थोरलीनं धावत जाऊन पर्समधला चष्मा आणला आणि डोळ्यांवर चढवला.

"आई, बघ ना. मी आहे. कुठ्ठं गेले नाहीये."

म्हातारीनं तिला निरखून पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"काढ तो," आई म्हणाली. "माझ्या लेकीचा आहे. गेलेल्या माणसाची वस्तू अशी घालू नये."

थोरलीनं चष्मा काढून दिला. आईनं तो बाहीनं पुसला आणि उशीखाली नीट सरकवून ठेवला. मग तिचं लक्ष समोरच्या चेहऱ्याकडे गेलं.

"तू गं कशाला रडतेस? तुझी कोण लागत होती?"

"ओळखीची होती," थोरली म्हणाली.

"नीट जेवायची का गं ती?"

"जेवायची."

आईनं मान डोलावली. थोरलीनं टीव्ही बंद केला, डोळे पुसून घास पुढे केला. म्हातारीनं एकदा बंद टीव्हीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.